जेफरसनच्या चरित्रातली अठ्ठावीस पानं

३ फेब्रुवारी २०२६
बाबांच्या हस्ताक्षराने डोळे गेले! जेफरसनचं मराठी चरित्र, तीस वर्षांचं बाड. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला जुलैत अडीचशे वर्षं होतात, त्याआधी पुण्याच्या प्रकाशकाला टाइप केलेली फाइल हवीय. आई गेल्यापासून बाबा इथे मँचेस्टरला आमच्याकडे. त्यांना काहीतरी काम हवंच होतं.

६ फेब्रुवारी
बाबा इतकं सुंदर लिहितात? घरात तर नुसते हुकूम.

११ फेब्रुवारी
तिसरं प्रकरण. 'सर्व माणसं समान जन्माला येतात' — हे हा माणूस स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहीत होता, तेव्हा सेवेला कोण? रॉबर्ट हेमिंग्ज. बायकोचा सावत्र भाऊ — आणि याचा गुलाम! ट्रॅममध्ये हे वाचलं.
घरी येऊन विचारलं, या रॉबर्टचं पुढे काय झालं?
"कोण रॉबर्ट?"
वय झालं, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी
प्रस्तावना. 'माझ्या पत्नीने वेळोवेळी चहा दिला.' बस्स. एकेचाळीस वर्षांच्या संसारावर एक ओळ!
अंशुमन म्हणतो, "त्यांची जनरेशनच तशी. नवऱ्यांना सुचत नाही गं." तुलाही कुठे सुचतं?

२६ फेब्रुवारी
पान २१२ नंतर एकदम २४१. आणि जेफरसनबरोबर नेहमी जिचं नाव निघतं, त्या सॅली हेमिंग्जचा उल्लेखच नाही कुठे. मी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. रॉबर्टचीच बहीण. पॅरिसला याच्या घरी आली तेव्हा चौदा वर्षांची. हा चव्वेचाळीसचा. पुढे तिला याच्यापासून मुलं झाली, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. हा दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला. ती गुलामच राहिली — मरेपर्यंत याने तिला कागदोपत्री मुक्त केलं नाही. शी!
"बाबा, मधली अठ्ठावीस पानं कुठायत?"
"काढली."
"का?"
"थोर माणसाचं चरित्र आहे. त्यात ती घाण कशाला?"
"घाण काढली नाहीत तुम्ही. झाकलीत."
"तू टाइप कर. अक्कल शिकवू नकोस."
किळस आली. जेफरसनची कमी, यांची जास्त. चौदा वर्षांची मुलगी म्हणजे घाण — आणि तो थोर!

२७ फेब्रुवारी
टाइप केलं नाही.

४ मार्च
अबोला. जेवून ताट टेबलावर तसंच टाकतात, आणि मी उचलते! स्वतःचीच चीड येते.
प्रकाशकाचा दुसरा मेल. बाबांना स्पष्ट सांगितलं, सॅलीचं प्रकरण आल्याशिवाय फाइल जाणार नाही.
"पुस्तक माझं आहे!" केवढ्याने ओरडले.
"मग लिहा ना ते प्रकरण परत. बाकीचं लिहिलंत तसंच."
वाटलं, आता आणखी भडकतील. तर भिंतीला धरून खोलीत गेले.

५ मार्च
दिवसभर खोलीबाहेर नाहीत. वाईट वाटलं नाही. खरंच नाही.

७ मार्च
सकाळी भांडी घासत होते. बाबा किचनच्या दारात येऊन उभे राहिले.
"ती पानं मी फाडून टाकली. मला नाही लिहिता येणार परत. तुझ्या आईने लिहिली होती."
मी नळ बंद केला. "ते प्रकरण आईने लिहिलं होतं?"

"सगळीच. अक्षर तेवढं माझं."