खिडकीखालची चटई

मंगळवार, दिवेलागण

उपकेंद्रातल्या सिस्टरनी आज दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या तीन महिन्यांच्या इंजेक्शनचं सगळं सांगितलं. रोज गोळी आठवायला नको, घरात पाकीट लपवायला नको. पण पाळी मागंपुढं होईल, कदाचित बंदच होईल. इंजेक्शन सोडल्यावरही दिवस राहायला वेळ लागतो. "विचार करून गुरुवारी ये," म्हणाल्या.

पाळी बंद झाली तर सासूबाईंना काय सांगू? आमच्यात अजून चार दिवस बाजूला बसतात, खिडकीखाली चटई टाकून. गेल्या महिन्यात मला पाच दिवस उशीर झाला, तर त्यांनी नातवाच्या आशेनं देवापुढं नारळ ठेवला. मग मी चटई टाकली. नारळ उचलत म्हणाल्या, "याबी महिन्याला न्हाईच व्हय." 

ह्यांना चाकणला फोन केला. "तुला बरं वाटंल तसं कर," म्हणाले आणि कंपनीची गाडी आली म्हणून ठेवला. त्रास होईल का, एवढं तरी विचारतील वाटलं होतं.

इंजेक्शन घेणार. लेकीचं, परीचं बाळंतपण अजून अंगातून गेलेलं नाही. आणि पाळी येवो न येवो, दर महिन्याला चार दिवस चटई टाकायची. खोटेपणा आहे, कळतंय मला. पण त्याचं एवढं वाईट वाटत नाही. त्या चटईवर मी आधीपासून एकटीच बसते. आता का बसले, तेही फक्त मलाच माहीत असणार.