शुक्रवारचा बॅकअप

३ जून, सोमवार

नवी नोकरी, नवी वही! वही टेबलाच्या खणातच सापडली, पुढची काही पानं फाडलेली. सोबत एक कान तुटलेला कप. कुणाचा ते कुणालाच माहीत नाही. धुऊन माझा करून टाकला.

कंपनी इस्पितळांना औषधं पुरवते. आग लागली, पाणी शिरलं, कॉम्प्युटर बसले, तर कुणी कुणाला फोन करायचा आणि किती तासांत सगळं परत उभं करायचं, याचा आराखडा मी लिहायचा. बायको म्हणते, तुझ्यासारख्या काळजीखोराला काळजी करण्याचा पगार मिळतो म्हणजे कमालच झाली!

इथे सगळे दहा-दहा वर्षांचे जुने, नवा मी एकटाच. भरतीच्या बाईंनी माझी नोंद केली. कुटुंबाच्या रकान्यात बायको आणि छकुली. छकुली चार वर्षांची आहे हे मी त्यांनी न विचारताच सांगितलं, वर फोटोही दाखवला.

५ जून, बुधवार

मशीनच्या खोलीतले काका बारा महिने स्वेटरमध्ये असतात. दर शुक्रवारी साडेनऊला बॅकअपची चाचणी घेतो म्हणाले, तेव्हा मी खूश झालो. कशी घेतात ते ऐकून मात्र कपाळावर हात मारला. गुरुवारचा बॅकअप, म्हणजे त्या दिवशी काढून ठेवलेली सगळ्या नोंदींची नक्कल, थेट चालू मशीनवरच चढवतात! अहो, त्याला वेगळं मशीन लागतं. मधल्या वेळात नोंदलेलं सगळं पुसलं जाणार की. काका म्हणाले, म्हणूनच शुक्रवारी सकाळी कुणी काही नोंदवत नाही. घंटा होईपर्यंत सगळे हात मांडीवर ठेवून बसतात, आणि नवीन माणसाला फाटकातून आतच घेत नाहीत. का, तर पहिल्यापासून असंच आहे.

७ जून, शुक्रवार, सकाळी सव्वानऊ

समोरच्या टेबलावर नवी मुलगी आली आहे, नोंदी भरायला. फाटकावरचा माणूस आज रजेवर, त्यामुळे सरळ आत आली. निळी छत्री, खळखळून हसणं. आल्या आल्या माझं पेन मागून घेतलं. पलीकडच्या बेकरीच्या वर आईसोबत राहते म्हणाली. भरतीच्या बाईंनी घाईघाईत, आज शुक्रवार हे विसरून, तिची नोंदसुद्धा करून टाकली. काका आत गेले.

त्याच दिवशी, दुपारी

वरचं मी लिहिलंय? अक्षर तर माझंच. समोर कुणी नाही. नवीन कुणी आलंच नव्हतं असं सगळे म्हणतात. मलाही काही आठवत नाही. पण खुंटीला निळी छत्री आहे, आणि माझं पेन समोरच्या टेबलावर.

१० जून, सोमवार

बेकरीच्या वर जाऊन आलो. दार उघडलेल्या बाई म्हणाल्या, मला मूलबाळ नाही. दारात तरुण मुलीच्या चपला होत्या. कुणाच्या म्हणून विचारलं, तर त्या बघतच राहिल्या. मग खाली बसून त्या चपला हातानं पुसायला लागल्या. का पुसतोय ते त्यांनाही कळेना. मला तिथे उभं राहवेना.

११ जून, मंगळवार

आमच्या साहेबीण मॅडमना माझा आराखडा फार आवडला. शेखी मिरवायला मीच लिहिलं होतं, कालचा बॅकअप कुणीही चढवेल, महिनाभर जुना चढतो का ते बघा. त्या म्हणाल्या, याच शुक्रवारी बघू. मे महिन्यातला.

मी जूनमध्ये आलोय.

हात जोडले. छत्रीवालीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण छत्रीवाली? आराखड्याखाली सही तुमचीच आहे ना, म्हणाल्या.

१३ जून, गुरुवार

राजीनामा दिला. नाव महिन्यानंतरच निघतं म्हणे. वायर उपटायला गेलो, खोलीला कुलूप. काकांच्या हातापाया पडलो. ते स्वेटरची बटणं लावत राहिले.

ज्याची नोंद आहे पण बॅकअपमध्ये नाही, तो जातो. नोंदच नसेल तर? —

भरतीच्या बाईंना म्हटलं, निदान बायको आणि छकुली, दोघींची नावं काढा. घटस्फोट का, त्यांनी हळूच विचारलं. हो म्हणालो. त्यांनी काढली. पडद्यावर दोनदा बघितलं. नाहीत. देवा, नाहीत.

१४ जून, शुक्रवार

घरीच थांबलोय. उपयोग नाही, ठाऊक आहे. बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

सव्वानऊ. छकुली माझ्या चपला घालून घरभर फिरतेय. फटक फटक.

भीती वाटते. फार —

नऊ अठ्ठावीस. पोरी, या चपला कुणाला टाकू देऊ नकोस. कुणाच्या आहेत ते आठवणार नाही तुला — तरी नको टाकू. माझ्या आहेत. मी तुझा