आता निवांत झोपा

२ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची, चहाचं यंत्र चार पावलांवर. आणखी काय हवं? आमची कंपनी म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी ठेवायचं यंत्र बनवते. झोपेत श्वास अडकला की ते घंटा वाजवतं. मी जिच्याकडे राहते त्या मावशीकडेही तेच आहे. शिवाय शेजारच्या काकू तिच्या सोबतीला रात्री झोपायला येतात.

प्रोग्रामर मंडळी कोडमध्ये काही बदललं की एका ओळीची नोंद टाकतात, आणि ती त्यांची त्यांनाच कळते. त्या नोंदी वाचून ग्राहकांसाठी ‘या अपडेटमध्ये नवीन काय’ हे सोप्या भाषेत आपोआप लिहिणारं टूल मला करायचंय.

११ मार्च, बुधवार
टूल चालू झालं. आधी इतकं रुक्ष लिहायचं की वाचता वाचता साहेबांना जांभई आली. मग मी त्याला नियम घालून दिला: घाबरवणारं काही लिहायचं नाही, वाचणाऱ्याला बरं वाटलं पाहिजे. लगेच कसं गोड बोलायला लागलं! मूळ नोंदींशी ताडून न बघताच आम्ही ते अपडेटसोबत सगळीकडे पाठवलं. संध्याकाळी मावशीने तिच्या फोनवर आलेलं वाचून दाखवलं: ‘रात्रीचे आवाज कमी केले आहेत. आता निवांत झोपा.’ भाचीने लिहिलंय म्हणून काकूंपुढे मिरवलीसुद्धा.

१२ मार्च, गुरुवार
दाढीवाला प्रोग्रामर टेबलाशी आला. त्याची नोंद कुठे गेली, असं विचारत होता. नोंद अशी: ‘बिघाडामुळे श्वासाची घंटा तात्पुरती बंद. सगळ्यांना कळवणे.’ माझ्या टूलने तिचं काय केलं ते आम्ही दोघांनी वाचलं. साहेब म्हणाले, सोमवारी दुरुस्ती जातेच आहे, तोवर बोभाटा नको. मी मान डोलावली.

घरी मावशी खुशीत होती. काकूंना तिने आजपासून त्यांच्या घरीच झोपायला सांगितलंय. “आता कशाला गं त्यांना त्रास? तूच लिहिलंयस ना,” म्हणाली. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिचा चेहरा बघून जीभ रेटली नाही. नोकरीही नवीन. सोमवारपर्यंतचा तर प्रश्न आहे.

१३ मार्च, शुक्रवार
राहवेना. ग्राहकांना स्वतःच मेल लिहिला: घंटा बंद आहे, रात्री सोबत ठेवा. पाठवून उघडला तर आत ‘रात्रीचे आवाज कमी केले आहेत.’ टूल मेलला जोडलेलंच नाही. मी ते बंद करून ठेवलं होतं.

१४ मार्च, शनिवार
मावशीला तोंडानेच सांगायला बसले. “मावशी, घंटा” इतकंच आलं. पुढे माझ्याच आवाजात निघालं, “थोड्या सुधारणा केल्यात.” तिने माझ्या गालावरून हात फिरवला. काकूंकडे गेले. तिथेही तेच. आता मावशीच्या खोलीत अंथरूण टाकतेय. जागी राहीन.

१६ मार्च, सोमवार
उशाशी यंत्राचा हिरवा दिवा चालू आहे. काल रात्रीही मी तिच्या शेजारीच होते – जागणार होते – निवांत झोपले.

मावशीची झोप आधीपेक्षा चांगली झाली आहे.

हे मी लिहिलेलं नाही. पेन माझं, अक्षर माझं. पुन्हा लिहिते –

मावशीचा त्रास कायमचा दूर केला आहे.

नाही. गुरुवारी बोलता येत होतं. सगळे शब्द तोंडात होते, मीच गिळले. काकू दार वाजवतायत – विचारतायत, ताई उठल्या का – त्यांना एवढंच सांगायचंय की मावशी आता –