मीटरवर फोडलेला नारळ

२४ सप्टें., बुध., सांगली
शेड पाडायची नोटीस आली. रस्ता रुंद होणार, दिवाळीआधी जागा मोकळी करा म्हणे. तेवीस वर्षं ह्याच शेडात लोकांच्या गाड्या खोलल्या. आता पन्नाशीला कुठं जाऊ? डोकं बधिर झालंय.

२६, शुक्र.
साताऱ्याच्या एका ट्रेनिंग सेंटरातनं फोन. दुचाकीचं काम शिकवायला मास्तर पाहिजे. साहेब म्हणाले, "अनुभव आहे हो तुम्हाला, पण हल्ली सगळं इलेक्ट्रॉनिक. जमेल का?" जुन्या शंभर सीसी गाडीवर डिजिटल मीटर स्वतः बसवायचा आणि तीच गाडी चालवत न्यायची. ३ तारीख, अकरा वाजता. जमेल म्हणालो. जन्मात डिजिटल मीटर बसवलेला नाही. हे हातचं गेलं तर संपलंच.

२८, रवि.
मीटर आणला. नऊ वायरी! जुन्या काट्याच्या मीटरला एक केबल जोडली की झालं. ह्याला पुढच्या चाकाला चुंबक, शेजारी सेन्सर. बरोबरचा कागद सगळा इंग्रजीत. मी दहावी नापास, शालन बारावी. बायकोच्या शिक्षणाचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. शिलाई मशीन बंद ठेवून तिनं एकेक ओळ वाचून सांगितली. "हेडलाइटच्या लायनीला जोडू नका म्हणतंय, बॅटरीच्या जोडा." मी हेडलाइटलाच जोडणार होतो. जळलाच असता.

३०, मंगळ.
स्पीड चुकतोय. मी चाळीसनं चाललोय, मीटर साठ म्हणतोय. रडायची पाळी आली. शालन म्हणाली, "आवं, चाकाचा घेर भरायचाय त्यात." कपड्याची मापं घ्यायची टेप आणून टायरभोवती फिरवली. १८६ सेंटिमीटर. भरला, बरोबर आला. ती नाचायचीच बाकी होती.

१ ऑक्टो., बुध., खंडेनवमी
हत्यारं धुऊन पाटावर मांडली. हळद-कुंकू, झेंडू. गाडीला हार. पडदा उजळलेला दिसावा म्हणून किल्ली चालू ठेवली. शालन म्हणाली, "नारळ खाली दगडावर फोडा. मीटरचं मागचं झाकण अजून लावलं न्हाई." मी म्हटलं, "गप गं, तेवीस वर्षं हँडलवरच फोडतोय." फोडला. पाणी सरळ मीटरात. आकडे वेडेवाकडे झाले, मग पडदा काळा.
मेलो.
खोलावं तर स्क्रू-ड्रायव्हर पूजेत. आजच्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, आमच्यात कधी कुणी लावला नाही. तासभर गाडीपुढं नुसता बसून. शेवटी शालननं पाटाला हात जोडले, स्क्रू-ड्रायव्हर उचलून माझ्या हातात दिला. "पाप लागलं तर मला लागू दे." खोलून मेडिकलातल्या स्पिरिटनं पुसलं, उन्हात ठेवलं. देवा, माझ्यावर एवढा कसला राग रं?

२, गुरु., दसरा
मीटर लागला! झाकण लावलं. तरी जीव टांगणीला. जेवण गेलं नाही.

३, शुक्र.
सहाला निघालो. कराडपर्यंत नीट. उंब्रजच्या पुढं पडदा परत काळा. गाडी कडेला घेऊन थोपटलं, हात जोडले, शिव्या घातल्या. काही नाही.
सेंटरात साहेब आणि दोन मास्तर गाडीभोवती. "काय झालं हो?" तोंडातनं निघून गेलं, "बायकोनं नारळ फोडला त्याच्यावर. अडाणी हाय, काय करणार." तिघं खो खो हसले. मीही हसलो. कसा हसलो...
साहेब म्हणाले, "असू द्या. दोष काढून दाखवा." खोललं. एका पिनेवर हिरवट गंज चढलेला. घासला, बसवलं, पडदा उजळला. "हात चांगलाय तुमचा. सोमवारी कळवतो."
येताना मीटर सांगलीपर्यंत चालू. बघावासा वाटला नाही.
घरी शालन दारातच. "काय म्हणाले वो?" सोमवारी कळवतो म्हणाले, एवढंच सांगितलं.

६, सोम.
सकाळपासून फोन हातात, खिशात, परत हातात. चारला शेडचे पत्रे उतरवायला वर चढलो, फोन खाली राहिला. उतरून बघतो तर साताऱ्याचे दोन मिस्ड कॉल. शुक्रवारी सेंटरात भरलेल्या अर्जावर दुसरा नंबर शालनचा दिलाय. तसाच घरी पळालो.
ती मशीनवर बसलेली. मशीन बंद.
"साहेबांचा फोन आलता. म्हणाले, वहिनी, इथनं पुढं नारळ जरा जपून फोडा."
मी चपला काढायला वाकलो.
"मी फोडला व्हय?"
नोकरीचं काय म्हणाले, हे ओठावर आलेलं गिळलं. ती उठून पाणी भरायला गेली. ताट वाढलं, समोर ठेवलं, आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.
साहेबांना फोन लावला तर आत्ता कळेल. दोनदा नंबर काढला, दोनदा ठेवला. नोकरी लागली का गेली ते शालनला माहीत आहे. तिला विचारायला तोंड नाही.