विहिरीजवळची हरणखुरी

प्रिय धनंजय,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हा कागद. हा तरी अर्ध्यात ठेवू नकोस.

हरभऱ्याचं वावर आत्ताच पाहून आले. डोकं फिरलंय माझं. झाडाझाडाला ती वेल गुंडाळलेली आहे. तुझ्या मोबाइलनं जिला शोभेची वेल ठरवलं, तीच. गेल्या फाल्गुनात विहिरीजवळ ती पांढरी-गुलाबी, नरसाळ्यासारखी फुलं पाहून केवढा हरखला होतास! रामबाईनं तेव्हाच पान तळहातावर धरून दाखवलं, हरणाच्या खुरासारखं आहे, ही हरणखुरी, फूल नको पाहू, पान पाहा. तू हसलास आणि फोटो काढत बसलास.

मग दिवाळीआधी हरभऱ्याच्या पेरणीसाठी ट्रॅक्टर बोलावलास. तीस वर्षं आपल्याकडे निंदण करणारी रामबाई माती घुसळणाऱ्या रोटाव्हेटरपुढे उभी राहिली. "तुकडे नोको करू बापू, जितके तुकडे तितक्या येली होतीन." तेव्हा वेल विहिरीजवळच, खाटेएवढ्या जागेत तर होती रे! चार बायांनी दोन दिवसांत कुदळीनं मुळं काढली असती. आणि तू सगळ्यांसमोर काय बोललास? "जंगलातल्या बाईनं मला शेती शिकवू नये." तिनं खुरपं पदरात गुंडाळलं आणि गेली. लहानपणी तुला खांद्यावर बसवून बोरं खायला नेणारी बाई ती. लाज कशी वाटली नाही तुला?

रोटाव्हेटरनं ते तुकडे वावरभर पेरले. आता फवारणी कर म्हणतोस. कशावर? हरभराच जळेल आधी. नव्या बाया वरवर तोडतात, आठ दिवसांत वेल पुन्हा हजर. मूळ कुठवर गेलं ते रामबाईलाच कळतं. यंदाचं पीक तिच्या हातात आहे.

काल तिच्या घरी गेले. चहा दिला, नातीची खुशाली सांगितली. वावराचं काढलं तेव्हा म्हणाली, "ज्यानं म्हटलं त्यालेच पाठवजो." मी उठले, तर दारात हळूच म्हणाली, "तू बी त तिथंच होती, नलू."

होते, धनंजय. वावराच्या धुऱ्यावर उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. कालपासून तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त येतोय मला. रविवारी सकाळी ये. त्या दिवशी वावरात असलेल्या सगळ्या बायांना मी बोलावलंय, रामबाईच्या अंगणात. आधी तू माफी माग. मग मला मागायची आहे.

तुझीच, अजून धुमसणारी,
नलूताई