एका चहाएवढी ओळख

यमुना,

लासूरहून आलीस की आधी चहा घे, मग हे वाच. मी मृण्मयी वकीलबाईंबरोबर सेशन कोर्टात गेलोय.

शेजारच्या तात्यासाहेबांनी पाचोडला जमीन घेतली, तेव्हा विकणाऱ्याला ओळखणारा साक्षीदार म्हणून मी रजिस्ट्री ऑफिसात सही केली. तू म्हणाली होतीस, "अहो, त्या माणसाला कधी बघितलंय तरी का?" मी हसलो होतो. तो माणूस तोतया निघाला. फसवणूक आणि खोट्या दस्ताच्या गुन्ह्यात आता माझंही नाव आहे. कलमं अजामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन कोर्टाकडंच मागावा लागतो. अटकेआधीच मिळावा म्हणून ही धावपळ.

बुधवारी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला जातो असं तुला सांगितलं, पण मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. फौजदारानं विचारलं, "वळख किती जुनी हाय, काका?" मी म्हणालो, "एका चहाएवढी." तो हसला नाही, त्यानं लिहून घेतलं. वकीलबाई म्हणाल्या, "काका, यापुढं मला विचारल्याशिवाय विनोद करायचा नाही."

पोलीस आले तर बसायला सांग, पाणी दे, पण जबाब देऊ नकोस. वकीलबाईंचा नंबर फ्रीजवर चिकटवलाय.

जामीन मिळाला तर जामीनदार लागेल. घर तुझ्या नावावर आहे, म्हणून सही तुझीच. या माणसाला मी चांगली ओळखते, असं लिहून द्यावं लागतं. महिनाभर मी हे तुझ्यापासून लपवलं, तेव्हा घाई करू नकोस. आधी विचार कर, मग सही. मी उलटं केलं.

अनंत