मागे पडणारं घड्याळ

॥ श्री ॥
महाड, दि. ३० नोव्हेंबर १९५८

चि. सौ. गोदूस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा सातवी फायनलचा अर्ज आज मी स्वतः भरून दिला. एप्रिलात परीक्षा इथं महाडातच आहे, तेव्हा उतरायला भावाचं घर आहेच. तुमच्या गावच्या शाळेचे गुरुजी परवा कोर्टाच्या आवारात भेटले होते. शाळेत एक बाई शिकवायला आल्या तर कापड्याचे लोक आपल्या मुलीही शाळेत धाडतील, आणि गोदू पास झाली तर मी तिचंच नाव सुचवीन, असं म्हणाले. तुझ्या यजमानांना, सयाजीरावांना, मुंबईला मी तसं कळवलं आहे.

एस.टी.च्या कंडक्टरबरोबर गजराचं घड्याळ आणि एक वेळापत्रक पाठवतो आहे. कोर्टात उमेदवारी करताना असंच वेळापत्रक भिंतीला डकवून मी मॅट्रिक झालो. दुपारी तीन ते पाच तू ओटीवर बसून अभ्यास करायचास. त्या वेळात भांडी नाहीत, लेकीची, ठकूची, वेणीसुद्धा नाही. पाचला गजर झाला की पाण्याला जा, मग चूल पेटव. तुझ्या आत्याबाईंना, प्रयागबाईंना, माझा नमस्कार सांग. सासू अशी मिळाली म्हणून हे सगळं जमतं आहे.

तुझा,
मुरारीदादा

॥ श्री ॥
कापडे, दि. ११ जानेवारी १९५९

ती. दादांस गोदूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तुमचं वेळापत्रक मी माजघरात डकवलं आहे आणि ठकू त्यावर रोज कोळशानं एक रेघ ओढते. त्यात म्हैस कधी पिळायची ते लिहायला विसरलात. म्हशीला तुमचं अक्षर वाचता येत नाही, ती आपल्या वेळेलाच हंबरते.

बाकी सर्व ठीक, पण घड्याळ मागे पडतं. रोज सकाळी शाळेच्या घंटेला मी ते लावते. पाचच्या एस.टी.चा हॉर्न वाजतो तेव्हा मात्र गजर झालेला नसतो. तो होतो अर्ध्या तासानं. आत्याबाई म्हणतात, नवा ड्रायव्हर आला आहे, तोच गाडी लवकर आणतो. घड्याळ आतल्या कोनाड्यात असतं आणि किल्ली द्यायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे. हल्ली त्या दुपारी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडतात आणि येताना हंडे भरून आणतात. मी रागावले तर हसतात.

भूगोल झाला. काळ-काम-वेगाची गणितं काही सुटत नाहीत. दोन नळ मिळून हौद किती वेळात भरतात, असं विचारतात. कापड्यात नळ कुठला आणि हौद कुठला? वहिनींना नमस्कार. रागावू नका आणि लिहीत राहा.

तुमची,
गोदू

॥ श्री ॥
महाड, दि. १८ जानेवारी १९५९

चि. सौ. गोदूस अनेक आशीर्वाद. वि. वि. कशेडी घाटात अडकून एस.टी. उशिरा आल्याचं आजवर पुष्कळ ऐकलं, पण ती रोज अर्धा तास लवकर येते हे तुझ्याच पत्रात प्रथम वाचलं. दोष घड्याळाचाच आहे. ते कंडक्टरकडे दे, महिपत घड्याळजीला दाखवतो. हौदाच्या गणितात एका तासात किती भाग भरतो ते आधी काढ, मग बेरीज कर. सोपं आहे.

मुरारीदादा

॥ श्री ॥
कापडे, दि. २७ जानेवारी १९५९

मुरारीबाबास प्रयागबाईचा आशीर्वाद. ह्या पत्र गोमाजी पोस्टमन लिवतो, मी सांगते तसाच लिव म्हनून त्याला बजावलाय. घड्याळ तुज्याकडं येतो हाय. त्याला काय झाला नाय. मीच काटा मागं फिरवते.

गोदू ओटीवर वाचाया बसली की मी आत जाते न काटा अर्धा तास मागं घेते. मला आकडे कळत नाय, पन काटा कुठनं कुठवर न्यायचा ता बघून ठेवलाय. गजर उशिरा होतो, तवर मी पानी भरते. तिला वाटतो म्हातारी फिराया गेली. चढावर दम लागतो न छातीत धरतं, पन ता वयाचा हाय. माजा सगळा जलम पान्याच्या वाटेवर गेला, तिचा जाऊ नाय. तू शिकलेला, तू तिला येळ लिवून दिलास. मला लिवता येत नाय, मी असा देते.

तिला सांगू नको. सांगितलास तर ती पुस्तक मिटंल. घड्याळ हाय तसा परत धाड.

प्रयागबाई, निशाणी अंगठा

॥ श्री ॥
महाड, दि. ५ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. गोदूस अनेक आशीर्वाद. वि. वि. घड्याळ परत पाठवतो आहे. महिपतला दोष सापडला नाही. काही घड्याळांचा स्वभावच तसा असतो, तेव्हा त्याच्याशी भांडू नकोस आणि गजर होईपर्यंत जागेवरून उठू नकोस. प्रयागबाईंना सांग की त्यांचा आशीर्वाद पोचला.

मुरारीदादा

कापडे, दि. १४ मार्च १९५९

ती. दादांस नमस्कार. पत्राच्या माथ्यावर श्री नाही, त्यावरून समजला असाल. आत्याबाई गेल्या.

परवा पाचची एस.टी. येऊन गेली. गजर झाला नव्हता म्हणून मी गणित करत बसले होते. तेवढ्यात शेजारच्या रंगूबाई धावत आल्या. आत्याबाई पाणवठ्याच्या चढावर बसल्या होत्या, डोकं गुडघ्यावर टेकलेलं. हंडा त्यांनी आधी नीट उतरवून ठेवला होता, थेंब सांडला नव्हता. चौघांनी उचलून आणलं आणि ओटीवर ठेवलं, तेव्हा आत गजर झाला. तो कुणी बंद केला नाही. किल्ली संपेपर्यंत वाजत राहिला.

हे काल मुंबईहून आले. ठकू आजीला उठव म्हणते. वेळापत्रक मी भिंतीवरून काढून टाकलं आहे. मी परीक्षेला बसणार नाही, मला पुन्हा सांगू नका.

गोदू

महाड, दि. २९ मार्च १९५९

चि. सौ. गोदूस आशीर्वाद. दहाव्या दिवसाला येऊन गेलो, पण माणसांच्या गर्दीत आणि तुझ्या तोंडाकडे बघून बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून लिहितो.

सोबत प्रयागबाईंचं जानेवारीतलं पत्र आहे, ते वाच. मी तेव्हा हसलो होतो. तुझ्या वहिनीला कौतुकानं वाचून दाखवलं आणि त्यांनी सांगितलं तसं गप्प राहिलो. दम लागतो, छातीत धरतं, हेही त्यात होतं. डॉक्टर माझ्या घरापासून चार दारं सोडून राहतात. प्रयागबाईंना एस.टी.त बसवून दोन दिवस इकडे पाठव, एवढी एक ओळ मला लिहिता आली असती. वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही, माझ्या वेळापत्रकात दर रविवारी पत्रांचा एक तास आहे. मला ते सुचलंच नाही, गोदू.

परीक्षेला बस, असं सांगायचा हक्क मला उरलेला नाही. पण तो वेळ त्यांचा होता. तो वाया घालवू नकोस, एवढंच मागतो.

अपराधी,
मुरारी

॥ श्री ॥
कापडे, दि. २१ जून १९५९

ती. दादांस गोदूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. निकाल तुम्ही पाहिलाच असेल. गेल्या सोमवारपासून मी शाळेत शिकवायला जाते. पहिलीत नऊ मुली आल्या आहेत आणि त्यांत ठकूही बसते. पेपरात हौदाचं गणित आलं होतं. ते बरोबर सुटलं.

परीक्षेला तुमच्या घरी चार दिवस राहिले, पण तुम्ही समोर आलात की मी पुस्तकात तोंड घालत होते. तुम्हाला वाटलं असेल, मी रागावले आहे. तसं नव्हतं. तुमचं मार्चातलं पत्र वाचल्यापासून एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती न सांगता तुमच्याकडून अपराधी ही सही घेणं मला जमत नाही.

मला ठाऊक होतं, दादा. माघात एकदा पाणी प्यायला आत गेले, तर आत्याबाई घड्याळ पालथं धरून मागची चकती फिरवत होत्या. पाठमोऱ्या होत्या, त्यांना मी दिसले नाही. मी तहानलेलीच ओटीवर परत आले. गणितं संपत नव्हती आणि मला तो अर्धा तास हवा होता. मग रोज भरलेले हंडे पाहिले, रोज त्यांना आधी खांबाला टेकून उभं राहिलेलं आणि मग आत येताना पाहिलं, आणि पाय मोकळे करायला गेल्या होत्या हे खरं धरून चालले. एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उठावं लागलं असतं.

यांना हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, आता तुम्ही एकटे नाही.

घड्याळ अजून त्याच कोनाड्यात आहे. किल्ली मीच देते. काल शाळेतून येऊन दारात पाय ठेवला तोच पाचच्या एस.टी.चा हॉर्न वाजला. आत जाऊन पाहिलं तर बरोबर पाच वाजले होते. मागे पडत नाही ते आता. मी रिकामा हंडा घेतला आणि पाण्याला गेले.

माझ्यावरची माया तुटू देऊ नका.

तुमची,
गोदू